पेन्सिलीतले पैसे

फोन लावण्याआधी ते खुर्चीवरून उठायचे आणि शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायचे. मग डाव्या हातात वही धरून, उजव्या हाताच्या बोटाने एकेक आकडा दाबायचे. पलीकडून आवाज आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"नमस्कार. माल कसा निघाला?"

मी एकदा विचारलं, "अहो, फोनवर तुमचं बटण कोणाला दिसणार आहे?"

"त्यांना न्हाई दिसत, बाई. मला दिसतंय की."

ईशान, मुक्ता, मागच्या महिन्यात मुक्ताने फोनवर विचारलं की आजी, तू निवृत्त झाल्यावर काय करत होतीस. मी "शलाकाला मदत" एवढंच म्हणाले आणि विषय बदलला. विषय का बदलला, ते या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून लिहिते आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. वसुलीच्या माणसाचं नाव लोक विसरतात, तेच बरं, असं ते स्वतःच म्हणत.

आपल्या सहकारनगरच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारी शलाका तुम्हाला आठवत असेल. सुट्टीत आलात की ती तुमच्या खिशात बदाम भरायची. तिने खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली चांगली नोकरी सोडली आणि घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत दुकान काढलं. दुकान म्हणजे पाटी नाही, गल्ला नाही, नुसती वेबसाइट. आयटी कंपन्यांच्या ऑफिसांत चहा, कॉफी, बिस्किटं, सुका मेवा असं सगळं लागतं. ते लोक संगणकावर मागणी नोंदवत, शलाका मार्केट यार्डातून माल आणे, सुमन आणि कलावती पाकिटं भरत आणि टेम्पो हिंजवडीला नाहीतर खराडीला जाई. मी विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात एकतीस वर्षं काढलेली. शलाकाच्या टेबलावरच्या कागदांची अवस्था मला बघवेना. मी रोज दुपारी खाली जाऊन तिची बिलं आणि पत्रं बघू लागले.

महिन्याभरात या धंद्याची गोम माझ्या लक्षात आली. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला मालाचे पैसे पंधरा दिवसांत द्यावे लागत. कंपन्या मात्र पंचेचाळीस दिवसांनी देऊ म्हणत, आणि ते "पंचेचाळीस" आपल्याकडच्या "पाच मिनिटांत पोचतो" या जातीचं असे. त्यामुळे विक्री वाढली की शलाकाचा चेहरा आणखी उतरायचा. कागदावर नफा, आणि बँकेत सुमनच्या पगारापुरते पैसे आहेत की नाहीत याची धाकधूक.

ते पहिल्यांदा आमच्याकडे आले ते आमच्याकडूनच पैसे न्यायला. मार्केट यार्डातल्या त्या व्यापाऱ्याकडे चौतीस वर्षं त्यांनी वसुलीचं काम केलं होतं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल, काखेत लांबट वही. दारात उभं राहून त्यांनी बटण लावलं आणि शलाकाला विचारलं, "माल कसा निघाला, शेठ?"

जीन्स घातलेल्या बत्तीस वर्षांच्या मुलीला कोणी शेठ म्हणालेलं मी प्रथमच ऐकत होते. तिने मागे वळून पाहिलं.

"तुम्हालाच म्हणतोय. दुकान ज्याचं तो शेठ."

शलाका म्हणाली, माल चांगला आहे, पण बेदाण्यात काड्या फार. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, पाणी प्यायले, सुमनच्या मुलीची चौकशी केली आणि निघाले. पैशांचा उच्चारही नाही. दुसऱ्या दिवशी बदली बेदाणे आले. तिसऱ्या दिवशी शलाकाने आपण होऊन पैसे पोचते केले. चेक देऊन ती परत आली ती हसतच. "काकू, त्यांनी माझ्याकडून पैसे काढले आणि मला कळलंसुद्धा नाही! हा माणूस आपल्याला पाहिजे."

ते पुढच्याच महिन्यात निवृत्त होणार होते. शलाकाने विचारलं तेव्हा म्हणाले, "येतो. पर तुमच्याकडं जुन्या शेठचे नऊ हजार बाकी हायत. ते आधी द्या. दोन्हीकडचा पगार घेतल्यासारखं नको."

आमच्याकडे आल्यावर त्यांनी नवी वही आखली. माझ्याकडे संगणकावर तक्ता होता. मुदत उलटलेलं बिल लाल व्हायचं, महिना उलटला की गडद लाल. मला त्याचा अभिमान होता. त्यांच्या वहीत चारच रकाने होते : कोण, किती, कधी आणि चौथा, का अडलं. येणं असलेली रक्कम ते पेन्सिलीने लिहीत. पैसे बँकेत जमा झाले की त्याच आकड्यांवरून शाईचं पेन फिरवत. "पेन्सिलीतलं आपलं नसतंय," म्हणत. शलाका कधी उत्साहाने म्हणाली की या महिन्यात तीन लाख येणार, की ते वही पुढे सरकवत. "शाईतलं बघा, शेठ. शाईत अठ्ठेचाळीस हजार हाय."

माझ्या तक्त्याकडे ते कौतुकाने बघत आणि मग चेहऱ्यावरची रेष न हलवता बोलत. "बाई, तुमचा तक्ता लई हुशार. किती दिवस झाले ते बरोबर सांगतो. का झाले, ते त्याला कुणी विचारलंच न्हाई."

मुदत संपल्यावर फोन करणं त्यांना मान्यच नव्हतं. ते मुदतीच्या पाच दिवस आधी फोन करत आणि फक्त मालाबद्दल विचारत. खराडीच्या एका ऑफिसने दोन महिने पैसे दिले नव्हते. माझी तीन पत्रं गेली होती, एकापेक्षा एक कडक. यांनी फोन करून विचारलं, माल कसा निघाला. पलीकडचा माणूस चिडूनच म्हणाला, काजू खवट होते, कोणी खाल्ले नाहीत. कोणी तक्रार केली नव्हती, नुसतं बिल बाजूला ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ताजे काजू गेले आणि त्याच आठवड्यात पैसे आले. चौथ्या रकान्यात त्यांनी लिहिलं : काजू.

माझी पत्रं त्यांना मराठीत समजावून सांगावी लागत. शेवटचं स्मरणपत्र वाचून दाखवलं तेव्हा सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलं हाय. पर ह्यात नमस्कार कुठं हाय?"

"इंग्रजी पत्रात तसा नमस्कार नसतो."

"मग त्यांना पैसे द्यावेसे कसे वाटतील?"

मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पत्राच्या सुरुवातीला, माल पसंत पडला असेल अशी आशा आहे, असं एक वाक्य घातलं. त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

आता खरी गोष्ट. त्या वर्षी दिवाळीच्या भेटीच्या डब्यांची मागणी कधी नव्हती एवढी आली होती. सोमवारपर्यंत मार्केट यार्डातून सुका मेवा उचलला तरच डबे वेळेत भरून होणार होते. पण व्यापाऱ्याचं मागचं देणं राहिलं होतं, आणि त्याने सांगितलं, मागचं आलं की पुढचं भरू. आमचे पैसे अडकले होते हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीकडे. जून, जुलै आणि ऑगस्टची मिळून चौदा बिलं, त्यातली तीन फेडली, अकरा बाकी. चार लाखांच्या वर रक्कम. आम्ही ईमेल केला की उत्तर यायचं, आमच्याकडे आपलं काहीही देणं बाकी नाही.

शलाकाने टेबलाच्या खणातून एक कागद काढून मला दाखवला. जुन्या कंपनीने तिला परत बोलावलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. "काकू, डबे नाही गेले तर दिवाळीनंतर दुकान चालवायला काही उरतच नाही. मग हो म्हणून टाकते. सुमन-कलावतीचं काय करायचं ते तेवढं सुचत नाही."

मी त्यांना म्हटलं, "तुमचा जुना शेठ तुमचं ऐकेल. एक शब्द टाका ना."

"ऐकंल. म्हणूनच टाकत न्हाई. त्याचेबी पैसे पेन्सिलीतच हायत."

मग मी माझं काम केलं. वकिलाच्या नोटिशीची धमकी असलेलं दोन पानी पत्र लिहिलं. दर महिन्याला एकच बिल फेडून बाकीची नाकारणं ही सरळ सरळ लबाडी आहे, असं त्यात सभ्य इंग्रजीत म्हटलं होतं. पाकीट चिकटवलं आणि टेम्पोबरोबर पाठवायला ठेवलं. त्यांनी ते उचलून आपल्या वहीत घातलं.

"हे उद्या माझ्याबरोबर येऊ द्या. आन् तुम्हीबी चला, बाई. तिथं इंग्रजी लागंल." मग वहीतल्या फेडलेल्या तीन बिलांवर पेन्सिल टेकवली. "एक कळंना. दर महिन्याचं पहिलंच बिल कसं सुटतंय? लबाडाला एवढी शिस्त नसतीय."

बुधवारी सकाळी आम्ही दोघं बसने निघालो. स्वारगेटला बदलून हिंजवडीच्या बसमध्ये बसलो. पुलाच्या अलीकडे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली होती आणि आमची बस त्यात पाऊण तास उभी होती. त्यांनी डब्यातली अर्धी पोळी मला दिली. मी नको म्हटलं. "खा. भुकेल्या पोटी वसुलीला जाऊ नये. आवाज चढतोय."

काचेच्या इमारतीत शिरताना गेटवर फोटो काढून गळ्यात पास अडकवला. फोटो काढताना त्यांनी बटण लावलंच. थंडगार सोफ्यावर आम्ही तासभर बसलो. अखेर हिशोब विभागातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन खाली आली. चेहऱ्यावर दमणूक. मी इंग्रजीत सुरुवात करणार, तेवढ्यात ते उभे राहिले.

"नमस्कार, ताई. चहा कसा निघाला?"

"कोणता चहा?"

"तुमच्या ऑफिसात सकाळी पिता तो. आमचा हाय."

ती हसली. "तुमचा होय तो? छान आहे जी. आमच्या अकोल्याला असाच कडक पितात."

अकोल्यावरून तिच्या आईवर, आईवरून तिच्या दिवाळीच्या रेल्वे तिकिटावर बोलणं गेलं. मी घड्याळ बघत होते. मग तिनेच विचारलं, "काम काय होतं काकाजी?"

त्यांनी वही उघडली. तिने लॅपटॉपवर शोधलं. जूनचं एक बिल, जुलैचं एक, ऑगस्टचं एक. तिन्ही फेडलेली. "बाकीची आमच्याकडे आलीच नाहीत ना."

"आली आहेत," मी म्हटलं. "मी स्वतः पाठवली आहेत." आवाज चढलाच.

"ताई, कागद ठेवता का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तेवढे बघू का?"

ती वर गेली आणि एक फाइल घेऊन आली. फाइल उघडली तेव्हा मला माझं काम दिसलं. तीन महिन्यांची तीन सुबक बंडलं. प्रत्येकावर माझं इंग्रजी पत्र, खाली तारखेप्रमाणे लावलेली बिलं, डाव्या कोपऱ्यात भोक पाडून हिरव्या दोरीने बांधलेली. विमा कंपनीत आम्ही असेच कागद बांधत असू. आधी शलाका प्रत्येक बिल मालाबरोबर सुटं पाठवायची. मला ते गबाळं वाटलं, म्हणून गेटवर शिक्का मारलेली बिलं टेम्पोबरोबर परत मागवून महिनाअखेर एकत्र पाठवायची, ही सुधारणा मी जूनपासून केली होती.

त्या मुलीने बंडल उलटसुलट करून पाहिलं. "अच्छा! एका दोरीत आलं म्हणून स्कॅन करणाऱ्याने एकच बिल समजलं ना जी. वरचा नंबर टाकला, खालची सगळी त्याचीच जोडपत्रं समजून सोडून दिली."

शलाकाचं दुकान बंद पडायची वेळ माझ्या टापटिपीने आणली होती, आणि त्यांच्या वहीत, लबाडीचा आरोप करणारं माझं चिकटवलेलं पत्र होतं.

त्यांनी तिन्ही बंडलांच्या दोऱ्या हळूच सोडवल्या, बिलं सुटी करून एकेक तिच्यासमोर ठेवलं आणि दोऱ्या खिशात टाकल्या. "ताई, आमच्याकडून बांधाबांध जास्त झाली. तुम्हाला तरास झाला."

तिने प्रत्येक बिलावरचा गेटचा शिक्का बघितला. माल वेळेत आला होता, मुदत कधीच उलटली होती. "आता अकराही नोंदवते. उद्या गुरुवारी पैसे सोडतात, त्यात घालते. साहेबांची सही घ्यावी लागेल. थांबीन मी जराशी."

"जेवण झालं का तुमचं?"

"नाही ना."

"मग आधी जेवा. पैसे कुठं पळत्यात."

मी थक्क झाले. चार लाख रुपये आणि एक दुकान टांगणीला लागलं होतं, आणि हा माणूस तिला जेवायला पाठवत होता. ती जेवायला गेली नाही. तिथेच बसून, आमच्यादेखत, तिने अकरा बिलं नोंदवली.

परतीच्या बसमध्ये मी पत्राचं पाकीट मागून घेतलं आणि फाडलं. म्हटलं, "चूक माझी होती. मी शलाकाला सांगते."

"सांगा की. पर पैसे आल्यावर. पेन्सिलीत असताना माणसाचं डोकं ताळ्यावर नसतंय."

शुक्रवारी अकरा वाजता बँकेचा संदेश आला. शलाका ओरडलीच. सुमन आणि कलावती हात पुसत धावत आल्या. ते उभे राहिले, बटण लावलं, पेनाचं टोपण काढलं आणि अकरा आकड्यांवरून सावकाश शाई फिरवली. शलाकाने विचारलं, "पण काका, अडलं कुठे होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कागद एकात एक अडकले होते, शेठ. आता सुटले." आणि वही मिटली.

खणातला तो कागद शलाकाने त्याच दुपारी फाडला. डबे वेळेत गेले. पाडव्याला सुमन आणि कलावतीला साड्या मिळाल्या, मलाही एक मिळाली. ती नेसताना मनात आलं, उद्या शलाकाला सांगायचं. मग भाऊबीज आली. मग तिची आई आजारी पडली. मग इतके दिवस झाले की आता सांगायचं कसं, हा नवाच प्रश्न. तुम्हाला तुमच्या आजीबद्दल काही गैरसमज असतील तर ते इथे दूर व्हावेत. मी लोकांना वेळेवर उत्तर न दिल्याबद्दल कडक पत्रं लिहीत होते आणि स्वतः हे एक वाक्य थकवत होते.

त्यांनी मला एकदाही टोकलं नाही. फक्त पैसे आले त्याच्या पुढच्या सोमवारी आले तेव्हा वहीला पेन्सिल बांधलेली होती, माझ्या हिरव्या दोरीने. "हरवती सारखी," एवढंच म्हणाले. पुढची सहा वर्षं ती पेन्सिल त्या दोरीला लोंबत माझ्या नजरेसमोर होती. अगदी समाधानाची सहा वर्षं. दुकान वाढलं, शेजारचा गाळा घेतला. माझा तक्ता आणि त्यांची वही शेजारीशेजारी राहिले, आणि बिलं सुटी जात राहिली.

पुढे गुडघे बोलायला लागले तेव्हा ते सासवडजवळ आपल्या गावी राहायला गेले. आता बिलांच्या आठवणी संगणकच पाठवतो. तरी मुदतीच्या पाच दिवस आधी शलाका स्वतः फोन करते, आणि मी पाहिलंय, फोन लागेपर्यंत ती उभी असते. दर पाडव्याला सकाळी त्यांचा मला फोन यायचा. "नमस्कार, बाई. माल कसा निघाला?" मी म्हणायची, चांगला. ते थोडे थांबत. मग नातवंडांची चौकशी करत. तुमची. ते थांबणं कशासाठी होतं, ते मला ठाऊक होतं.

या पाडव्याला फोन आला नाही. आठ दिवसांनी त्यांचा मुलगा आला. आजार असा नव्हता म्हणाला, झोपेतच गेले. वह्यांच्या गठ्ठ्यातली ही एक बाईंना द्या, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पेन्सिल दोरीसकट होती.

मी ते पान शोधलं. अकरा ओळी, नाव शाईत, रक्कम शाईत, तारीख शाईत. वहीतला प्रत्येक चौथा रकाना भरलेला होता : काजू, शिक्का, साहेब रजेवर, पत्ता बदलला. या अकरा ओळींचा मात्र मोकळा. कागद तिथे खरबरीत झालेला. खिडकीशी नेऊन तिरपा धरला तेव्हा खोडरबराखालून पेन्सिलीचे वळ दिसले. अकरा वेळा तेच : हिरवी दोरी. लिहिलं होतं आणि पुसलं होतं.

मी वही घेऊन खाली गेले. दुपारची वेळ, शलाका एकटीच होती. तिच्या टेबलावर वही उघडली, पदर सारखा केला, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या मोकळ्या रकान्यातल्या वळांवरून शाई फिरवू लागले.

"काकू, उभ्या का? बसा ना," ती म्हणाली. "आणि हिरवी दोरी काय?"

"सांगते," मी म्हटलं. "आधी एवढं शाईत होऊ दे."